आधी मांडव, मग वेल

दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याचीही बाग असू शकते, ती वेलामुळे. झाडाला अंगण लागतं, हिरवळीला मोकळी जमीन लागते. वेलाला मुळांपुरती वीतभर माती आणि पानांपुरतं ऊन मिळालं, की बाकीची जागा तो हवेत शोधतो. म्हणून गिरगावातल्या चाळीच्या कठड्यावर जुई दिसते, पुण्याच्या पेठांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांच्या दारावर मधुमालती दिसते, नागपूरच्या उन्हात फाटकावर बोगनवेल रसरसते आणि कोकणातल्या पडवीला कृष्णकमळाची जाळी असते. घरं लहान होत गेली, अंगणं पार्किंगखाली गेली, तरी फुलांची हौस टिकून राहिली, याचं बरंच श्रेय या वेलांना द्यायला हवं.

पण याच वेलांची परवडही मोठी आहे. दरवर्षी पहिल्या पावसात वेलांची रोपं हातोहात जातात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतली कितीतरी वाळून जातात, नाहीतर पानांचा नुसता गुंता होऊन बसतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या पट्ट्यात एकापुढे एक रोपवाटिका आहेत. तिथल्या एका जुन्या माळीकाकांनी नेमकं दुखणं सांगितलं. ‘‘लोक फूल बघून वेल नेतात. चढवणार कशावर विचारलं, तर म्हणतात, ते बघू नंतर. वेलाला नंतर चालत नाही.’’

मला या लेखात जे सांगायचं आहे ते या चार शब्दांत आलं आहे. वेल आपल्याला फुलासाठी आवडतो, पण तो जगतो आधारावर. तो कसा चढतो हे ज्याने नीट पाहिलं, त्याच्या घरी फूल येतंच. बाकी खत-पाणी हा त्यानंतरचा भाग.

वेलाचे हात

१८६० च्या दशकात चार्ल्स डार्विन आजारपणामुळे बराच काळ घरातच अडकून पडला होता. त्याने हॉप नावाच्या वेलाची कुंडी आपल्या खोलीत ठेवून घेतली आणि शेंड्याच्या हालचालींची नोंद करायला सुरुवात केली. वेलाचा कोवळा शेंडा एका जागी थांबत नव्हता, आधार शोधत गोल फिरत होता. उन्हाळी दिवसांत एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागत होती. या निरीक्षणांवरचा दीर्घ निबंध १८६५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. वेल कशाकशाने चढतात, याची त्याने तिथे केलेली विभागणी आजही बागकाम करणाऱ्याला उपयोगी पडते.

आपल्या घरच्या वेलांना ती लावून पाहू. गोकर्ण अंगानेच आधाराला वेढे घालत वर जातो. जाई-जुईसुद्धा लांब फांद्यांनी आधाराला लपेटत, एकमेकींवर रेलत वाढतात. कृष्णकमळ, संक्रांत वेल आणि आइस्क्रीमचा वेल यांना तणावे असतात. आधार पकडण्याचं काम ते तणावे करतात. कळलावीची युक्ती निराळी, तिच्या पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि शेजारच्या काडीला धरतं. बोगनवेलीला वेढेही येत नाहीत आणि तणावेही नसतात. ती काट्यांचे आकडे अडकवत दुसऱ्याच्या अंगावर रेलते. मधुमालतीचं पान गळतं तेव्हा देठाचा खालचा भाग तसाच राहतो, कडक होतो आणि त्याचा आकडा बनतो.

आता यातून व्यवहार काय निघतो ते बघा. तणावे बारीक असतात. जाड खांबाला ते धरू शकत नाहीत, त्यांना सुतळी, तार किंवा जाळी द्यावी लागते. वेढे घालणाऱ्या वेलाला उभी काठी, बांबू किंवा दोर लागतो. आडव्या पट्ट्यांच्या जाळीवर तो चाचपडत राहतो. बोगनवेलीला तुम्ही कितीही देखणी जाळी दिलीत तरी ती आपण होऊन चढणार नाही. तिच्या फांद्या हाताने उचलून बांधाव्याच लागतात. मधुमालती वजनदार होते, तिला प्लॅस्टिकच्या दोरीवर सोडणं म्हणजे एका वादळी पावसात सगळा मांडव अंगणात आणणं.

वेढ्यांना दिशाही असते. जगातल्या अनेक ठिकाणच्या वेलांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ९२ टक्के वेल एकाच दिशेने वळताना आढळले, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. मग ते विषुववृत्तावरचे असोत की दूर दक्षिणेतले. सुटलेला शेंडा आपण हौसेने काठीला गुंडाळतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुटून लोंबत असतो, त्यामागे पुष्कळदा आपण त्याला उलटा गुंडाळलेला असणं हेच कारण असतं. आधी त्याचा जुना वेढा कुठून कुठे गेला आहे ते पाहावं आणि त्याच वळणाने नवा द्यावा.

कृष्णकमळाचा एखादा तणावा जवळून पाहण्यासारखा असतो. कोवळा असताना तो सरळ, जरासा वाकडा, हवेत चाचपडत असतो. टोक तारेला लागलं की काही वेळातच तिथे वेढा पडतो. त्यानंतर मधला भाग आखडायला लागतो आणि जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी त्याची गुंडाळी होते. मात्र नीट निरखलं तर दिसतं, की ही गुंडाळी अर्ध्यापर्यंत एका दिशेने जाते, मध्ये छोटासा सरळ तुकडा येतो आणि पुढचा अर्धा भाग विरुद्ध दिशेने वळलेला असतो. दोन्ही टोकं बांधलेली असताना पीळ न पडता गुंडाळी व्हायची, तर दुसरा मार्गच नाही. या गुंडाळीमुळे वेल आधाराजवळ ओढला जातो आणि वारा आला तर तणावा ताणला जातो, तुटत नाही. डार्विनने हेही टिपून ठेवलं आहे. आपल्या गॅलरीत हे दृश्य रोज घडत असतं.

जाई, जुई आणि छाटणीचा धीर

पहाटेच्या विरार लोकलने फुलांच्या टोपल्या दादरला उतरतात. वसईच्या वाड्यांमधून मोगरा, जाई-जुई, सोनचाफा पिढ्यान्‌पिढ्या या बाजारात येत आला आहे. अलीकडच्या काळात जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनीही मोगऱ्याच्या लागवडी केल्या आणि त्यांच्या कळ्याही इथेच येतात. फुलं म्हणून जे विकलं जातं त्या खरं तर कळ्या असतात, पहाटे खुडलेल्या आणि अजून मिटलेल्या. त्या संध्याकाळी गजऱ्यात उमलतात. जाईच्या वासातला मुख्य घटक बेंझाइल ॲसिटेट आणि त्याच्या जोडीची द्रव्यं फूल उमलू लागलं की भराभर सुटतात. म्हणून दुपारी शांत असलेली जुई दिवेलागणीला घरभर होते.

गोव्यात म्हार्दोळच्या महालसा देवस्थानात पावसाळ्याच्या उत्तरार्धात जायांची पूजा होते. गावातल्या कुळागरांत आणि परसांत वाढवलेल्या जायांनी गाभारा भरून जातो. कळ्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात. या माळा, म्हणजे फाती, विकत घेण्यासाठी रस्त्यावर गाड्या थांबतात. एका फुलवेलावर गावाचा उत्सव आणि गावातल्या अनेक घरांचं पोट अशा दोन्ही गोष्टी उभ्या राहू शकतात, हे म्हार्दोळला कळतं.

घरच्या जाई-जुईबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: ‘‘वेल भरपूर वाढला, पण फूलच नाही.’’ त्याची दोन कारणं असतात. पहिलं ऊन. जाई-जुईला दिवसातून चार-पाच तास थेट ऊन हवं. दुसरं, कात्री न लावणं. या वेलांना फूल येतं ते नव्या फुटव्यावर. जुन्या काड्या वर्षानुवर्षं राखल्या, तर वेल लाकडाचा भारा होतो आणि फुलं शेंड्यांना चार-दोन येतात. दक्षिणेतले फूल उत्पादक मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर करतात आणि जाई-जुईची त्यानंतर, थंडीच्या उत्तरार्धापर्यंत उरकतात. शेतात झुडूप जमिनीपासून दीड फुटांवर आणतात. घरी इतकं धाडस नको वाटत असेल तर निदान एक तृतीयांश तरी कापावं, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या पूर्ण काढाव्यात, शेणखत द्यावं आणि आठ-दहा दिवस पाणी कमी करावं. त्यानंतर पाणी वाढवलं की फुटवे येतात आणि त्यांच्या टोकांना कळ्या.

जुई ओळखायची असेल तर पान हातात घ्या. मुख्य पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक इवली, कानाच्या आकाराची पर्णिका दिसते, कधी कधी ती गळूनही गेलेली असते. जाईची कळी पाहिली तर तिच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी-जांभळट छटा असते. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये जाईचं पान आहे. म्हणजे फुलाइतकंच पानही घरात हवं असायचं. बाजारातून पत्रीचा जुडगा आणताना त्यात काय आहे हे न पाहणाऱ्या पिढीला, दारातला एक वेल ही सवय परत देऊ शकतो.

तीन दिवसांचं फूल

मधुमालतीचा झुबका संध्याकाळी पाहायला हवा. नवं फूल दिवेलागणीच्या सुमाराला उमलतं, पांढरंशुभ्र आणि जवळजवळ आडवं धरलेलं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं, तिसऱ्या दिवशी लाल, आणि तोवर खाली झुकलेलं असतं. एकाच झुबक्यात तिन्ही वयांची फुलं असल्यामुळे वेल तिरंगी दिसतो. पांढऱ्या फुलाला गोड वास असतो आणि त्याची नळी इतकी लांब असते, की तळाचा मध फक्त लांब सोंडेच्या पतंगांना मिळतो. हॉकमॉथ जातीचे हे पतंग अंधार पडताच हवेत एका जागी तरंगत फुलामागून फूल करतात. रंग बदलला की दिवसाचे पाहुणे येतात, मधमाश्या आणि शिंजीर. पांढरं फूल रात्रीसाठी, लाल फूल दिवसासाठी. गॅलरीत दहा मिनिटं दिवा मालवून बसलं तर या पतंगांची भेट होण्याचा चांगला संभव असतो.

हा वेल तुम्हाला जमेल का? जमीन असेल आणि भक्कम कमान असेल, तर जरूर लावा. कुंडीत लावायचा तर मोठा ड्रमच घ्या. मधुमालती जोरकस आहे. मुळांपासून दूरवर फुटवे काढते आणि दोन-तीन वर्षांत पहिला मजला ओलांडते. फुलांचा बहर संपला की थंडीत तिची मनसोक्त छाटणी करा, तिला ती मानवते.

आपल्या जुन्या साहित्यात ज्या माधवीलतेचा उल्लेख वारंवार येतो ती वेगळी. सह्याद्रीच्या जंगलात तिला हळदवेल म्हणतात. महाकाय वेल, झालरीच्या पांढऱ्या पाकळ्या, त्यातल्या एकीवर पिवळा डाग आणि तीन पंखांची फळं, जी गळताना भिरभिरत दूर जातात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त शकुंतलेने आम्रवृक्षाला बिलगलेल्या नवमालिकेला वनज्योत्स्ना असं नाव दिलेलं आहे आणि सासरी निघताना ती या वेलीचा निरोप घेते. वेल हा घरातला माणूस आहे ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण हळदवेलीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच वनस्पती शोभेसाठी मॉरिशस आणि रियुनियनसारख्या बेटांवर नेली गेली आणि तिथल्या जंगलांवर पसरून तिने स्थानिक झाडं दाबून टाकली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. कुठलाही वेल मुळात गुन्हेगार नसतो. त्याला आवरणारे किडे, रोग आणि हवामान जिथे नसतात तिथे तो मोकाट सुटतो. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी वेलांनाही हाच नियम लागू आहे.

आलेले आणि रुळलेले

बोगनवेल आज महाराष्ट्रात इतकी रुळली आहे, की ती बाहेरची वाटतच नाही. तिची नोंद झाली ती ब्राझीलमध्ये. लुई आंत्वान द बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याची जहाजं १७६७ मध्ये रिओ द जानेरोला लागली होती. मोहिमेचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों याने हा वेल गोळा केला आणि तो पुढे बोगनव्हिलच्या नावाने ओळखला गेला. कॉमेर्सोंबरोबर त्याचा सहायक म्हणून वावरणारी व्यक्ती ही पुरुषवेशातली जान बारे नावाची स्त्री होती. स्त्रियांना जहाजावर मनाई असल्याने तिने वेश बदलला होता, आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद आहे. रस्त्याच्या दुभाजकावरची बोगनवेल पाहताना डोंगर-किनारे तुडवत वनस्पती गोळा करणाऱ्या त्या बाईंची आठवण ठेवावी, एवढं त्यांचं काम नक्कीच आहे.

बोगनवेलीची रंगीत ‘फुलं’ ही फुलं नसून पुष्पपत्रं आहेत. तीन रंगीत पत्रांच्या मध्ये पाहिलं की बारीक नळीची तीन पांढुरकी फुलं दिसतात, ती खरी. याहून मोठं आश्चर्य तिच्या काट्यात आहे. पानाच्या बगलेतला तोच कोंब परिस्थितीनुसार काटा होतो किंवा फुलोरा होतो. लांब दिवस, भरपूर पाणी आणि भरपूर नत्र असलं की तो काट्याकडे आणि पानोऱ्याकडे झुकतो. दिवस लहान झाले, मुळाशी कोरडेपणा आला, की फुलोऱ्याकडे. म्हणून बोगनवेलीला लाडाने रोज पाणी घालणाऱ्याच्या घरी हिरवं काटेरी झुडूप उभं राहतं, आणि जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही ती बोगनवेल रंगाने पेटते. पाऊस संपला की पाणी तोडावं. पानं जराशी मरगळली की मगच घालावं. दिवसाचे पाच-सहा तास कडक ऊन मात्र तिला हवंच. सावलीच्या गॅलरीत तिच्या मागे लागू नये.

कृष्णकमळाची कूळकथाही अमेरिका खंडातली. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांना या फुलात ख्रिस्ताच्या यातना दिसल्या. तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरच्या तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये याचं वर्णन छापलंही गेलं. तेच फूल महाराष्ट्रात आलं तेव्हा आपल्या आज्यांनी त्यात महाभारत पाहिलं. भोवतीचे तंतू शंभर कौरव, पाच पुंकेसर पांडव आणि वरचे तीन ब्रह्मा-विष्णु-महेश. दोन्हीकडच्या माणसांनी न ठरवता तेच भाग मोजले आणि आपापल्या पवित्र कथेत बसवले. एखाद्या फुलाकडे इतकं निरखून पाहणं ही भक्तीच आहे, धर्म कुठलाही असो.

संक्रांत वेलही ब्राझीलचाच. जानेवारीत त्याच्या केशरी नळ्यांनी गच्चीचा कठडा झाकून जातो. लसणी वेलाचं पान चुरडलं तर लसणाचा वास येतो आणि जांभळी फुलं दिवसागणिक फिकी होत जातात. गणेशवेल हंगामी आहे. पिसांसारखी कातरलेली पानं, लाल चांदण्या आणि नेमका गणपतीच्या दिवसांतला बहर. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने गणेशवेल आणि गोकर्ण यांच्यापासून सुरुवात करावी. गोकर्णाचं बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं की दोन महिन्यांच्या आत फूल हातात येतं. तो कडधान्याच्या कुळातला आहे, मुळांवरच्या गाठींमधल्या जीवाणूंच्या मदतीने तो हवेतलं नत्र वापरतो, त्यामुळे कुंडीतली मातीही सुधारते. त्याच्या फुलाची एक गंमत आहे. वाटाण्याच्या फुलात उभी असणारी मोठी पाकळी इथे खाली पसरलेली असते, कारण फूल अख्खं उलटं झालेलं असतं. मध घ्यायला शिरलेल्या माशीच्या पोटाला लागणारे पराग इथे तिच्या पाठीला लागतात. मुलांना निळ्या फुलांचं पाणी उकळून द्या आणि त्यात लिंबू पिळायला सांगा. निळ्याचं जांभळं होताना पाहिलं, की आम्लाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

कुंडी, भिंत आणि शेजारी

कुंडीतल्या वेलाचा हिशोब मुळांवरून करावा. गोकर्ण, गणेशवेल बारा इंची कुंडीत राहतात. जाई, जुई, कृष्णकमळ यांना पंधरा ते अठरा इंची हवी. मधुमालती आणि बोगनवेलीला दोनशे लिटरचा अर्धा कापलेला ड्रम उत्तम. अख्खा ड्रम भरायचा मोह गच्चीवर टाळा. ओल्या मातीने भरला तर त्याचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं, आणि अर्धा ड्रमही स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या वर ठेवावा. तळाला भोकं, त्यावर खापऱ्या, मग निम्मी माती आणि निम्म्यात शेणखत, कोकोपीट, थोडी नीमपेंड. पाणी साचलं की वेल आधी मुळातून कुजतो, पानं पिवळी पडल्यावर आपल्याला कळतं.

भिंत आणि वेल यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढं अंतर ठेवावं. त्यासाठी भिंतीला कोन मारून त्यावर तार किंवा जाळी ताणावी. हवा खेळते, बुरशी कमी होते, रंगकाम करायचं झालं तर जाळी सोडवता येते. वेल सांडपाण्याच्या पाइपांवर कधीही सोडू नये. फांद्या जाडावल्या की सांधे निखळतात, गळतीचा दोष येतो आणि सोसायटीची पहिली कुऱ्हाड वेलावर पडते. कितीतरी सुंदर वेल रोगाने न मरता अशा तक्रारींनी मेलेले आहेत.

ऊन कमी असलेल्या उत्तरेच्या गॅलरीत होया लावावा. मेणाचे वाटावेत असे त्याच्या फुलांचे गुच्छ असतात. फुलं गळली तरी त्यांचा देठ कापू नका, पुढच्या खेपेची फुलं त्याच देठावर येतात. उन्हाळ्यात जाई-जुईच्या पानांमागे लाल कोळी आणि काड्यांवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसतात. त्यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, न भागल्यास कडुनिंबाच्या तेलाचं साबणपाणी.

मात्र कृष्णकमळाच्या पानांवर काटेरी, तांबूस अळ्या दिसल्या तर हात आवरावा. त्या टॉनी कोस्टर या केशरी, काळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या असतात. दहा-पंधरा दिवस वेल उघडा पडेल, पण पुन्हा फुटेल. सह्याद्रीतल्या ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज, क्रिमझन रोज आणि सदर्न बर्डविंग ही फुलपाखरं अंडी घालतात. पानातलं विषारी आम्ल अळ्या अंगात साठवतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. ते आम्ल माणसाच्या मूत्रपिंडांना घातक आहे, म्हणून ईश्वरी फुलपाखरांसाठी लावावी, औषध म्हणून तोंडात घालू नये. ज्या बागेतलं एकही पान खाल्लेलं नाही, त्या बागेत कुणी राहत नाही असं खुशाल समजावं.

जंगलातले जंगलात

पावसाळ्यात कोकणात आणि घाटात कळलावी फुलते. लाल-पिवळ्या, वर उलटलेल्या पाकळ्यांमुळे तिला गौरीचे हात म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असतं. लहान मुलं किंवा जनावरं असलेल्या घरी ती लावू नये.

त्याच दिवसांत सड्यांवर आणि कड्यांवर कंदीलपुष्पं फुलतात. पातळ वेल, आणि त्यावर कंदिलाच्या आकाराचं दोन-तीन इंची फूल. नळीत उतरलेल्या चिलटाला आतले खाली वळलेले केस परत येऊ देत नाहीत. फूल वयात आलं की केस सुकतात आणि चिलट परागांसह सुटतं. याच कुळातल्या श्रीलंकेच्या एका वेलाचा शेंडा डार्विनने मोजला होता. त्याचं वर्तुळ पाच फुटांहून जास्त व्यासाचं होतं आणि टोक तासाला ३२-३३ इंच या वेगाने फिरत होतं. सह्याद्रीतली काही कंदीलपुष्पं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. गुराख्यांनी खाल्लेले कंद, साळिंदरांनी उकरलेले कंद, खाणी आणि रस्ते यांतून जी उरली त्यांना आता हौशी संग्राहकांचा धोका आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळावर मोलाचं काम केलं आणि विद्यापीठाच्या उद्यानात त्यांचं जतनही केलं. ते काम त्यांचंच. ट्रेकला गेलेल्याने फोटो काढावा आणि कंद जिथल्या तिथे ठेवावा. घरी आणलेलं कंदीलपुष्प बहुधा पहिल्या उन्हाळ्यात मरतं आणि कड्यावरची एक जागा कायमची रिकामी होते.

आता काय करायचं

दिवाळीनंतरचे महिने वेल लावण्याचे नाहीत, आधार उभारण्याचे आहेत. आपल्या गॅलरीत, गच्चीवर, फाटकाजवळ ऊन कुठून कुठे जातं ते आत्ता पाहून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा पाहा. कोन, तार, बांबू, कमान जे काय करायचं ते थंडीत पुरं करा. घरात असलेल्या जाई-जुईला कात्री लावा. पहिला पाऊस पडला की रोप आणा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्यांकडे दाब कलम लावा. जमिनीलगतची फांदी वाकवायची, गाठीपाशी साल किंचित खरवडायची, मातीत दाबून वर वीट ठेवायची. पावसाळा संपेपर्यंत तिला स्वतःची मुळं येतात. एका काकूंच्या जुईवरून आळीतल्या पाच घरी जुई जाते ती अशी, आणि विकत आणलेल्या रोपापेक्षा ती बहुतेकदा चांगली लागते, कारण त्याच हवेत वाढलेल्या वेलाचं ते अंग असतं.

घरापुरतं एवढं पुरे. पण वेलाच्या बाबतीत खरी जबाबदारी आता सोसायट्यांवर आणि बांधकाम करणाऱ्यांवर आहे. नव्या इमारतींची आवारं कुंपणाच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉकने झाकली जातात. माती ठेवली तर चिखल होतो, असं कारण दिलं जातं. भिंतीलगत एक फूट रुंदीची मातीची पट्टी आणि तिच्यावर ताणलेल्या चार तारा, याला जागा लागत नाही आणि खर्च नगण्य आहे. त्यातून अख्खं कुंपण फुलतं, भिंत उन्हात कमी तापते, पाणी मुरतं, माश्या-फुलपाखरं येतात आणि खाली खेळणाऱ्या मुलांना तणावा कसा धरतो ते बोटाने लावून पाहता येतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या आणि पार्किंगच्या विषयांबरोबर हा विषय लेखी द्या: कुंपणालगत एक फूट माती मोकळी करणे आणि तारा बसवणे. तेवढं मंजूर करून घेणं हे आपलं काम. त्यापुढचं काम वेलाला येतं.